खाणीतली चौथी

१ सप्टेंबर, रविवार

आजपासून रोज नाही तरी अधूनमधून लिहायचं ठरवलंय. बोलायला घरात कोणी उरलेलं नाही, आणि मी स्वतःशी मोठ्याने बोलायला लागले की खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून विचारतात, "कोण आलंय गं?" कोणी आलेलं नाही काकू. कोण येणार आहे?

उन्हाळ्यात ताईचं लग्न झालं. एकसष्टाव्या वर्षी! जन्मापासून आम्ही एका घरात, आणि आई-बाबा गेल्यावर दोघीच. ती शाळेत चित्रकलेची बाई होती, मी चष्म्याच्या दुकानात. लहानपणापासून मी डोळ्याला काही ना काही लावून बघायचे म्हणून ती मला भिंगू म्हणते. म्हणायची. आणि तिचं लग्न ठरल्याचं मला कधी कळलं? तारीख ठरली, साक्षीदार ठरले, खालच्या काकूंना कळलं, त्यानंतर. रोज दोन वेळा जिच्यासमोर बसून जेवते तिला सगळ्यात शेवटी. मी नोंदणी कचेरीत गेले, सही केली, फोटोत दात दाखवले आणि घरी आले. त्या दिवसापासून तिच्याशी एक अक्षर बोललेली नाही.

दर रविवारी दुपारी तिचा फोन येतो. मी मोबाइल सकाळीच चमच्यांच्या खणात टाकते आणि खाणीवर जाते.

आजही गेले. शेवटच्या थांब्यावर उतरायचं, जुनी दगडखाण ओलांडायची, की मागे पाणथळ आहे. आमच्या तिघी उगवल्यात. तिघी म्हणजे एकाच कुळातली तीन इवलीशी फुलं. पुस्तकातली नावं उच्चारताना ताईची जीभ वळायची नाही म्हणून आम्हीच नावं ठेवली. थोरली जांभळी, नखाएवढी, मागे लांब सरळ शेपूट. धाकटीही जांभळीच, पण फिकट, आणि शेपूट आखूड, आकड्यासारखी पुढे वळलेली. पिवळी म्हणजे पिवळी. एकीलाही धड मूळ नाही. खाली चिखलात केसांसारखे धागे, आणि त्या धाग्यांना जेमतेम दिसतील असे फुगे. पाण्यातले बारीक किडे त्या फुग्यांत अडकतात, त्यांच्यावर ह्या बाया जगतात. वरून बघाल तर इतक्या गरीब दिसतात की कोणाला खरं वाटणार नाही.

आमचं निसर्गमंडळ खाणीतल्या फुलांची चित्रपुस्तिका काढतंय. चित्रं ताईची, वर्णनं माझी. तिघींची चित्रं झालीत. चौथं अर्धंच आहे. गेल्या वर्षी हंगाम संपता संपता ताईला एक पांढरट फूल दिसलं. तिने दांडा आणि फूल काढलं आणि खालचा अर्धा कागद कोरा सोडला. "एकच आहे, उपटायचं नाही. आणि जे पाहिलं नाही ते मी काढणार नाही." बाईंचा शाळेतला खाक्या. वर म्हणाली, "धाकटीच असेल, रंग उडालेली." मला तेव्हाही पटलं नव्हतं. आम्ही त्याला चौथी म्हणायला लागलो.

ती चौथी मी या हंगामात शोधणार आहे, एकटीने. तिच्यावाचून माझं काही अडत नाही, हे एकदा सगळ्यांना कळलेलं बरं.

३ सप्टेंबर, मंगळवार

दुकानात एक बाई नवऱ्याचा चष्मा घेऊन आल्या. "उशीखाली ठेवून झोपतात. सांगून सांगून थकले." काडी गरम वाळूत धरली, वाकवून सरळ केली. बाई म्हणाल्या, "माणूस पण असा सरळ करून मिळाला असता तर." मालक हसले. मीही हसले.

त्या ज्या स्टुलावर बसल्या, त्याच स्टुलावर गेल्या वर्षी तो घड्याळवाला बसला होता. घड्याळं दुरुस्त करतो, विधुर, दुसऱ्या गावचा. डोळ्यात अडकवायचं भिंग हवं होतं. मी म्हटलं, याच्यापेक्षा चांगलं माझ्या घरी आहे, बघायला या. मीच म्हटलं! माझ्याच तोंडाने! तो भिंग बघायला आला आणि ताईची चित्रं बघत बसला. त्यानंतर आमच्या घरात काय काय बिघडलंय हे त्याला दर पंधरवड्याला आठवायला लागलं. बाबांच्या वेळेपासून बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळसुद्धा चालू करून ठेवलं. लग्नाच्या दिवशी निघतानाही त्याला किल्ली दिली आणि मला म्हणाला, "आठवड्यातून एकदा द्यायची, विसरू नका."

नात्याने त्याला भावजी म्हणायला हवं. मी आजवर काहीच म्हटलेलं नाही. काम असलं की नुसती समोर जाऊन उभी राहायचे.

घड्याळाला किल्ली मात्र देते. टिकटिक नको वाटते, पण देते.

८ सप्टेंबर, रविवार

सापडली! आणि एक नाही, चांगला घोळका! लव्हाळ्याच्या दाट सावलीत, जिथे आम्ही पाय भरतील म्हणून कधी शिरलो नव्हतो तिथे. पांढरी, फक्त ओठाच्या कडेला जांभळी रेघ. मी गुडघ्यावर बसले, हात मागे केला आणि म्हटलं, "ताई, भिंग." भिंग माझ्याच गळ्यात होतं.

मग मूठभर चिखलाचा गोळा फुलांसकट उचलला, डबक्यात दोनदा खळबळला आणि डब्यात टाकला. ताई असती तर घरी येऊन तो गोळा पांढऱ्या इनॅमलच्या ट्रेमध्ये पाण्यात सोडून, बारीक ब्रश घेऊन अख्खी दुपार घालवली असती. मला कधी कळलंच नाही ती एवढा वेळ काय करते. मी आपली समोर बसून जांभया द्यायचे. आज तो सगळा वेळ वाचला.

शिवाय त्या ट्रेमध्ये आता कांदे-बटाटे असतात.

९ सप्टेंबर, सोमवार

दुकानातून आले ती तडक भिंगाखाली बसले. घाईघाईत लिहितेय, अक्षर बघा.

पानं पट्टीसारखी रुंद. फुगे मोठाले, अगदी पिवळीचे असतात तसे. पण फूल पांढरं. शेपूट आखूड, पुढे वळलेली. धाकटीसारखी आहे म्हणा, पण धाकटीला अशी पानं कुठे असतात? म्हणजे धाकटी नव्हे. आणि पिवळीला असं फूल येत नाही. म्हणजे पिवळीही नव्हे. घरातली सगळी पुस्तकं उघडून जमिनीवर पसरली. अशी पानं आणि असं फूल एकत्र कुठेच नाही. कुठल्याच पुस्तकात नाही!

कोणाला तरी सांगावं असं इतकं वाटलं की जिन्यात जाऊन काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "फूल का? वा वा. तुझी ताई कशी आहे गं?"

वर येऊन ताईचा तो अर्धा कागद काढला आणि खालची बाजू मीच काढली. तिच्या रेघेला माझी रेघ जिथे मिळते तिथे जरा जाड झालीय. चालायचंच. मी काही चित्रकलेची बाई नाही. कोपऱ्यात नाव घातलं, माझं एकटीचं. शोधलं मी, उपटलं मी, पानं मी बघितली. तिने काय, अर्धंच तर पाहिलं होतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

वर्तमानपत्रात दाबून वाळवलेले नमुने आणि चित्राची प्रत संग्रहालयातल्या डॉक्टरबाईंकडे पाठवली. त्या वनस्पतींच्या डॉक्टर आहेत. मंडळात एकदा व्याख्यानाला आल्या होत्या तेव्हा खालच्या काकूंनी त्यांना गुडघेदुखीवर औषध विचारलं होतं.

परत आले तर दारात एक छोटं पार्सल. वरचं अक्षर घड्याळातल्या आकड्यांसारखं ताठ, म्हणजे त्याचं. आता हे कशाला? लाच का? उघडलं नाही. बटाट्यांच्या खाली सरकवून दिलं.

१५ सप्टेंबर, रविवार

आभाळ भरलेलं, खाणीवर गेले नाही. दुपारी फोन वाजला. खणातले चमचे थरथरत होते. मी ओट्याशी उभी होते, हातात फडकं. बराच वेळ वाजला. थांबल्यावर खण उघडून बघितलं. कशाला बघितलं कोण जाणे. 'ताई' हेच नाव असणार होतं, तेच होतं.

हट्ट माझा आहे हे मला कळतं. पण दर वेळी पहिली पायरी मीच का उतरायची? तसं बघितलं तर फोन तीच करतेय. ते असो.

२१ सप्टेंबर, शनिवार

मंडळाची सभा. सचिवांनी उभं राहून जाहीर केलं, "आपल्या खाणीत बहुधा नवीन जात सापडली आहे!" टाळ्या झाल्या. मी उठून नमस्कार केला. काय सांगू, कान गरम झाले होते. शाळेतसुद्धा माझ्यासाठी कधी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. बक्षिसं सगळी ताईला.

नंतर सचिवांनी विचारलं, "तुमच्या ताईंनीच पहिल्यांदा पाहिलं होतं ना हे?"

"अर्धंच," मी म्हटलं.

शेजारच्या खुर्चीवर मी येता येताच पिशवी ठेवली होती. एक गृहस्थ उशिरा आले, "इथे कोणी आहे का?" मी "हो" म्हटलं. सवय. ते पूर्ण वेळ मागे भिंतीला टेकून उभे राहिले आणि खुर्चीवर माझी पिशवी बसली.

घरी येताना एकदम वाटलं, उद्या फोन आला तर उचलावा. सांगावं तिला, तू म्हणत होतीस धाकटी. बघ.

२२ सप्टेंबर, रविवार

फोन आला नाही.

मी काही वाट बघत बसले नव्हते. तो टेबलावर होता कारण चार्जिंग करायचं होतं. दोनदा उचलून बघितला, आवाज बंद झालाय का म्हणून. सुरू होता. संध्याकाळी काकूंना खालून माझा नंबर लावायला सांगितला. लगेच वाजला.

बरंच झालं. संपलं एकदाचं.

भिंतीवरचं घड्याळही बंद पडलंय. या गडबडीत किल्ली द्यायची राहून गेली. आता देत नाही. घर इतकं शांत झालंय की फ्रीज ऐकू येतो.

२४ सप्टेंबर, मंगळवार

दुकानातला फोन वाजला. मालकांनी माझ्या हातात दिला, "तुमच्यासाठी."

तो घड्याळवाला होता. म्हणाला, "घाबरू नका." असं म्हटल्यावर माणूस काय करणार? घाबरणारच.

"न्हाणीघरात पाय घसरला. उजवं मनगट मोडलंय. प्लास्टर घातलंय, बाकी ठीक आहे. तुम्हाला सांगायचं नाही असं बजावलंय तिने, म्हणून सांगतोय."

"सांगायचं का नाही?"

"म्हणाली, तिचा फुलांचा हंगाम चाललाय. ती सगळं टाकून धावत येईल."

मग म्हणाला, "ते पार्सल पोचलं का?" मी "हो" म्हटलं आणि ठेवून दिला.

उजवं मनगट. चित्र काढायचा हात. मालकांनी पाणी आणून दिलं आणि घरी जा म्हणाले. मी नाही गेले, घरी जाऊन कोणाला सांगणार होते? ट्रेभर स्क्रू वेगवेगळे करत बसले.

आणि ती म्हणते, मी धावत येईन. मी तिचा फोन चमच्यांत टाकत होते, आणि ती म्हणते धावत येईन.

२६ सप्टेंबर, गुरुवार

डॉक्टरबाईंचा फोन आला. बाई गोड बोलतात, त्यामुळे ऐकताना आधी कळलंच नाही काय झालं ते.

"नमुने भिजवून बघितले. सुंदर जमवलेत तुम्ही. एक विचारू? उपटल्यावर धुतले होते का?"

"खळबळले होते. डबक्यात."

"धागे सोडवले नव्हते?"

"नाही."

"कसं होतं ना, ह्या एका चिखलात एकमेकींत पार गुंतून वाढतात. हे फूल एकीचं आहे आणि पानं दुसरीची. मला पानं तरी पिवळ्या फुलाची वाटतात. फुलाचे स्वतःचे धागे बहुतेक डबक्यातच तुटून राहिले. सगळ्यांकडून होतं हो हे, मीसुद्धा केलंय. एक ताजं रोप नीट सोडवून पाठवा. पण लवकर, हंगाम संपत आला. तोवर मी कुठलंच नाव लावत नाही."

फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. सभेतल्या टाळ्या आठवल्या. दोन जणींना मी एक समजले. आणि त्याच्या खाली स्वतःचं नाव घातलं.

ताई दुपारभर ट्रेपाशी बसून काय करायची, ते आज कळलं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

दुकानात रजा टाकली. सकाळच्या पहिल्या बसने खाणीवर. लव्हाळ्यातली निम्मी फुलं गळून गेलीत. यावेळी हाताने खणून मोठा गोळा काढला, बादलीत पाण्यासकट आणला. ट्रेमधून कांदे-बटाटे काढले, ट्रे घासला, पाणी भरलं, त्यातला अर्धा गोळा सोडला, ताईचा ब्रश घेतला.

पहिला धागा तुटला, दुसराही तुटला. ब्रशने धरून ठेवावं तर ओढायला हात नाही, ओढावं तर धरायला हात नाही. माझा हात तसा सराईत आहे, चष्म्याचे स्क्रू मी डोळे मिटून बसवते. पण स्क्रूला जीव नसतो.

मग ते पार्सल उघडलं. आत चिमटा निघाला. घड्याळवाल्यांचा, टोकं इतकी बारीक की उजेडात धरल्यावर दिसेनाशी होतात. बरोबर चिठ्ठी नाही, काही नाही. कोणी सांगितलं असेल त्याला मला काय लागेल ते? मला स्वतःलाही माहीत नव्हतं.

चिमट्याने जरा जमलं, मग पुन्हा तुटलं. फूल एकीकडे, धागे दुसरीकडे, आणि मी ट्रेसमोर बसून रडले. चांगली हुंदके देऊन रडले. काकूंनी जिन्यातून विचारलं, "कोण आलंय गं?"

२८ सप्टेंबर, शनिवार

सकाळी मीच फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला.

"भिंगू?"

मी म्हटलं, "हात कसा आहे?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"त्या माणसाच्या पोटात एक गोष्ट राहत नाही." मग ती म्हणाली, "चौथी सापडली का?"

"सापडली. ताई, धागे तुटतायत गं."

"पाणी कुठलं घेतलंस?"

"नळाचं."

"खाणीतलंच घ्यावं लागतं. आणि वरून ओढतेस ना? तू सगळं वरूनच ओढतेस. खालून सोडवायचं."

"तू ये."

"माझा हात प्लास्टरमध्ये आहे, बाई."

"डोळे आहेत ना?"

"आहेत."

"मग ये."

डॉक्टर पुढच्या शनिवारी हात बघणार आहेत. त्यानंतर रविवारी येते म्हणाली. फुलं तोवर टिकायला हवीत. उरलेल्या गोळ्याची बादली खिडकीत ठेवलीय, रोज दुकानातून आल्यावर बघते.

६ ऑक्टोबर, रविवार

सकाळच्या बसने दोघं आली. मी थांब्यावर गेले होते. ताई उतरली, प्लास्टर गळ्यात बांधलेलं, केस आखूड कापलेले. एका हाताने वेणी घालता येत नाही म्हणून. इतकी वर्षं तिची वेणी मी घालत होते. आम्ही मिठी वगैरे मारली नाही, आमच्यात ती पद्धत नाही. ती म्हणाली, "वाळलीस." मी म्हटलं, "तू जाड झालीस." मग दोघी हसायला लागलो आणि हसता हसता तिचे डोळे भरले, माझेही.

घरात पाऊल टाकल्याबरोबर तो घड्याळापाशी गेला. किल्ली दिली, वेळ लावली. मग बाह्या दुमडून हात धुतले आणि विचारलं, "कुठे बसायचं?"

ताईने ट्रे हुंगला. "कांद्याचा वास येतोय माझ्या ट्रेला."

"तुझ्या ट्रेला दुसरं काम नव्हतं."

खाणीचं पाणी मी आदल्या दिवशीच आणून ठेवलं होतं. बादलीत एकच फूल शिल्लक होतं. तो डोळ्यात भिंग अडकवून बसला, एका हातात ब्रश, एका हातात चिमटा. ताई त्याच्या खांद्यावरून मोठ्या भिंगातून बघत होती. "डावीकडचा आधी. नाही, तो नाही, त्याच्या खालचा. हं. आता थांबा, पाण्यालाच सोडवू द्या." तो खरंच थांबायचा. इतका स्थिर की श्वास घेतोय की नाही अशी शंका यावी. मी समोर बसले होते, हात मांडीवर. मला कामच नव्हतं.

"तू काय बसलीस?" ताई म्हणाली. "कागद घे. मी बघते, तू काढ."

"मी? मला कुठे येतं?"

"मला तरी आता कुठे येतं?" तिने प्लास्टर वर करून दाखवलं.

मी माझा तो आधी काढलेला भाग रबराने खोडला. रेघ जाड होती, थोडी खूण राहिली. कोपऱ्यातलं माझं नाव तिने बघितलं. मी तेही खोडलं.

मग ती सांगत गेली आणि मी काढत गेले. "हा फुगा आहे की बटाटा?" "तू नीट सांग, मी नीट काढते." आयुष्यभर मी बघून सांगायचे आणि ती काढायची, आज सगळं उलटं चाललं होतं. मध्येच मी मान वर न करता विचारलं, "मला शेवटी का सांगितलंस?"

ट्रेवरचा ब्रश थांबला. तो उठायला लागला, ताईने त्याला बसवलं.

"सगळ्यात आधी तुलाच सांगायचं होतं," ती म्हणाली. "म्हणून थांबले. रोज जेवताना म्हणायचे, आज सांगते. तू समोर बसून दुकानातल्या गमती सांगायचीस आणि माझा धीर व्हायचा नाही. तुला एकटी टाकून जातेय असं कसं सांगायचं? रोज राहत गेलं आणि तू शेवटची झालीस."

"मी नको म्हटलं असतं?"

"हो म्हटलं असतंस. हसून हो म्हटलं असतंस. म्हणूनच तर."

मला पेन्सिल दिसेना. मी टोक करायच्या निमित्ताने उठले आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

परत आले तेव्हा तो म्हणाला, "सुटलं."

ट्रेच्या पांढऱ्या तळावर दोन रोपं पडली होती. एकीकडे रुंद पट्टीसारखी पानं आणि मोठाले फुगे, ती पिवळी, तिचं फूल कधीच गळून गेलेलं. दुसरीकडे पांढरं फूल, दांडा, आणि खाली चार बारीक धागे, मोहरीपेक्षा लहान फुगे. दुसऱ्यांच्या पसाऱ्यात ते चार धागे मला दिसलेच नव्हते. मी भिंगातून बघितलं. फुगे, शेपूट, दांड्यावरचे खवले, सगळं जुन्या चित्राशी लावून बघितलं. लव्हाळ्याखाली ऊन लागलं नाही म्हणून पांढरी पडलेली.

"धाकटी आहे," मी म्हटलं.

"रंग उडालेली," ताई म्हणाली.

नवीन जात वगैरे काही नाही. मंडळाच्या पुढच्या सभेत मला उभं राहून हे सांगायचंय. पण वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. चित्र पूर्ण झालंय. वरची बाजू सुरेख, खालची बाजू बटाटे. कोपऱ्यात दोघींची नावं.

"दोन्ही जगतील का आता?" त्याने विचारलं.

"पाण्यात ठेवू, कळेल," ताई म्हणाली. पिवळीला काचेच्या बरणीत ठेवलं, धाकटीला ताईच्या चहाच्या कपात. तो कप फडताळात तसाच पडून होता.

संध्याकाळच्या बसने दोघं गेली. खिडकीतून तिने प्लास्टरचा हात हलवला. बस वळल्यावरही मी थोडा वेळ थांब्यावरच होते. घरी आले तर घड्याळ चालू होतं.

७ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "बरोबर." सावलीतलं असं पांढरं झालेलं रूप नोंदवण्यासारखं आहे, चित्र पाठवा म्हणाल्या. मी म्हटलं, खालची बाजू जरा बटाट्यासारखी आहे. त्या म्हणाल्या, चालेल, खरी आहे ना?

कपातल्या धाकटीचं फूल रात्रीतून गळलं. दुसऱ्यांच्या पसाऱ्यातून काढल्यावर ती फारच एवढीशी दिसते. चार धागे, आणि भोवती सगळं पाणी. मी उगाच सोडवली असं सकाळपासून वाटतंय. खाणीत नेऊन लावावी का? जगली तर नेईन.

१० ऑक्टोबर, गुरुवार

काही नाही. दुकान, घर. घड्याळाला किल्ली दिली, वार नसतानाही. जेवायच्या टेबलाशी ताईच्या खुर्चीवर आज पिशवी ठेवली नाही, आणि ती रिकामी बघून जेवण गेलं नाही. ताई आता तिथे बसायला यायची नाही. भांडण मिटलं तरी यायची नाही. हे मला उन्हाळ्यातच कळायला हवं होतं, मी रागावण्यातच गुंतले होते.

१३ ऑक्टोबर, रविवार

सकाळी उठून सवयीने फोन हातात घेतला, खणाकडे गेले आणि तिथेच थांबले. जाता जाता कपात बघितलं. मग भिंग आणलं. मग खिडकीत नेऊन उजेडात बघितलं.

दुपारपर्यंत थांबायचा धीर नव्हता. मीच लावला. त्याने उचलला.

"ती आंघोळीला गेलीय. हाताला पिशवी बांधून दिलीय, वेळ लागेल जरा. काही निरोप आहे का?"

मी एकदा खाकरले.

"हो, भावजी," मी म्हटलं. "तिला सांगा, धाकटीला कळी आलीय."

"धरा, ठेवू नका," ते म्हणाले. "हे मी दाराबाहेरून ओरडूनच सांगतो तिला."